मिसळणाचा डबा आणि औषधाची पेटी

गेल्या गणेशोत्सवात आमच्या गावच्या मराठी सभागृहात आरतीनंतर एक ‘आरोग्य व्याख्यान’ झाले. विषय होता ‘स्वयंपाकघर हाच दवाखाना’. वक्त्यांनी हळद, मेथी, दालचिनी, सुंठ, जायफळ, गुळवेल असे एकेक द्रव्य हाती धरून दाखविले आणि त्याने कोणकोणते रोग मुळासकट जातात हे सांगितले. मधुमेह गेला, संधिवात गेला, रक्तदाब गेला, यकृताचे विकार गेले. तासाभरात माणसाला मरणाचे काही कारणच उरले नाही. बाहेर पडताना दाराशी मेजावर डबे मांडलेले होते. व्याख्यानाच्या आयोजनापोटी मंडळाला देणगी मिळाली होती, असे मागाहून समजले. उपस्थितांपैकी निम्म्यांनी तरी डबे घेतले. आम्ही शेवटच्या रांगेत बसलो होतो. आमची अर्धीअधिक शासकीय सेवा खाद्यपदार्थांच्या तपासणीत गेली. उठून दोन प्रश्न विचारण्याइतके ज्ञान आमच्यापाशी होते. तरीही उत्सवात विघ्न नको म्हणून आम्ही गप्प बसलो. ते गप्प बसणे चुकीचे होते, म्हणून हा लेख.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. आमचा विरोध मसाल्याला नाही आणि आयुर्वेदालाही नाही. ज्या घरात फोडणीत हिंग पडत नाही त्या घरी आम्ही जेवायला कुरकुरत जातो. आमचा विरोध आहे तो अन्नाला औषध म्हणून विकण्याला आणि औषधाला अन्न म्हणून खपविण्याला. मिसळणाचा डबा वेगळा आणि औषधाची पेटी वेगळी. ही दोन्ही ज्या दिवशी एक झाली त्या दिवसापासून आपले जेवणही बिघडले आणि आपले औषधपाणीही.

प्रथम साधा हिशेब पाहू. चार माणसांच्या आमटीला आपण फार तर अर्धा चहाचा चमचा हळद घालतो. म्हणजे सुमारे दीड ग्रॅम. हळदीतील ज्या द्रव्याचा एवढा बोलबाला आहे ते कर्क्युमिन हळदीत वजनाच्या सुमारे ३ टक्के असते. म्हणजे माणशी १०–१२ मिलिग्रॅम. बाजारातील कुपीत हेच द्रव्य ५०० मिलिग्रॅम असते. आमटीतल्या वाट्याच्या चाळीस-पंचेचाळीस पट. त्यात पुन्हा मिऱ्याचा अर्क मिसळलेला असतो. १९९८ साली बंगळुरूच्या संशोधकांनी दाखविले, की मिऱ्यातील पायपेरीन सोबत दिले असता कर्क्युमिन रक्तात सुमारे वीसपट अधिक उतरते. विक्रेते हे अभिमानाने सांगतात. पण हा गुण हळदीपुरता थांबत नाही; इतर काही औषधांचे शरीरातून निघून जाणेही पायपेरीनमुळे मंदावते, हे ते सांगत नाहीत. २०१९ साली इटलीत हळदीच्या अशा कुप्या घेणाऱ्या काही जणांना यकृताची सूज आल्यावर तेथील आरोग्य मंत्रालयाने त्यांच्या वेष्टनांवर इशारा छापणे आवश्यक ठरविले. आमटीने कोणाचे यकृत सुजल्याचे आम्ही ऐकलेले नाही. तेव्हा ‘आपली आजी हळद खातच होती की’ हा युक्तिवाद कुपीच्या बाजूने करता येत नाही. आजीने खाल्ली ती हळद आणि कुपीत असते तो अर्क यांचे नाते द्राक्ष आणि मद्य यांच्या नात्यासारखे आहे.

मेथीचेही तेच. मेथीदाण्याने रक्तातील साखर काही अंशी उतरते, हे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी फार पूर्वी दाखविले. तथापि त्या प्रयोगांत रुग्णांना दिलेली मेथी दिवसाला २५ ते १०० ग्रॅम होती. आपल्या फोडणीत पडतात ते दहा-वीस दाणे. त्या दाण्यांनी कढीला जो वास येतो तो हवाहवासा आहे, त्यासाठीच ते घालावेत. त्यांनी मधुमेह बरा होतो असे समजणे म्हणजे देवळात लावलेल्या निरांजनावर भात शिजेल अशी आशा धरणे होय.

मग आपल्या स्वयंपाकघराचा आरोग्याशी काही संबंध नाही काय? आहे, आणि फार मोठा आहे. पण तो रोग बरा करण्याचा नसून अन्न अंगी लावण्याचा आहे. अळूच्या पानांत सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, त्यांनी घसा खाजतो. म्हणून अळूच्या फतफत्यात चिंच किंवा आंबटचुका पडतो. कडधान्यांनी पोट धरते. म्हणून ती भिजवायची, मोड आणायचे आणि फोडणीत हिंग घालायचा. पालेभाजीतील लोह शरीर सहज घेत नाही. लिंबाच्या आंबटपणासोबत ते अधिक घेते. आमच्या इंदुरात सकाळी पोह्यांवर शेव आणि जीरावन घालून वर लिंबू पिळतात, तेव्हा पिळणाऱ्याला हे ठाऊक असेलच असे नाही. पण रीत बरोबर आहे. चैत्रात कैरीचे पन्हे, पाडव्याला गूळ, ओवा व हिंग घातलेली कडुनिंबाची चटणी, भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि हिवाळ्यातल्या सर्व भाज्यांची एक मिसळ, बाळंतिणीला डिंक आणि अळिवाचे लाडू, आजारातून उठलेल्याला मऊ भात, तूप आणि मेतकूट. यांपैकी एकही पदार्थ औषध नव्हे. ऋतू कोणता, खाणाऱ्याची अवस्था कोणती, त्याला भूक किती, हे पाहून केलेले ते जेवण आहे. आरोग्य त्या पाहण्यात आहे. एखाद्या दाण्यात किंवा मुळात नाही.

आणि हे पाहणे स्थलपरत्वे बदलते, हे आपल्यासारख्या पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या कुटुंबांना कोणी नव्याने सांगायला नको. आमचे पूर्वज कोकणातून माळव्यात आले तेव्हा ट्रंकेत आमसुले आणि कुळथाचे पीठ घेऊन आले. दोन पिढ्यांत घरात मक्याची भाकरी शिरली, बाफले शिरले. कोकणात ज्याला टाकळा म्हणतात तोच येथे पावसाळ्यात बांधावर पंवाड म्हणून उगवतो, हे ओळखून कोणा आजीने त्याची भाजी पुन्हा सुरू केली. आमसुले मिळेनाशी झाली तेव्हा साराला चिंच आली. ही तडजोड नव्हती. हेच पाकशास्त्र होते. उलट आज एकाच कारखान्यातला एकच डबा पणजीत, बेळगावात, ग्वाल्हेरात आणि बडोद्यात, बारा महिने, सर्व वयांच्या माणसांना दिला जातो आणि त्याला परंपरा म्हटले जाते. यापेक्षा परंपरेची मोठी थट्टा ती कोणती?

आमच्या बोलण्याला पाश्चात्त्य दृष्टी म्हणून हिणवणारे काही वाचक असतील. त्यांनी चरकसंहितेच्या विमानस्थानाचा पहिलाच अध्याय उघडावा. आहाराचा विचार करताना आठ गोष्टी पाहाव्यात असे तेथे सांगितले आहे: द्रव्याचा मूळ स्वभाव, त्यावरील संस्कार, इतर द्रव्यांशी संयोग, प्रमाण, देश, काळ, सेवनाचे नियम आणि स्वतः खाणारा. आठांपैकी केवळ पहिली गोष्ट, म्हणजे द्रव्याचा गुण, डब्यावर छापलेली असते. उरलेल्या सातांचा पत्ता नसतो. त्याच अध्यायात तीन द्रव्ये अति प्रमाणात खाऊ नयेत असेही बजावले आहे: पिंपळी, क्षार आणि मीठ. यांपैकी पिंपळी ही मिऱ्याचीच बहीण. २०२० साली साथीच्या भयाने घरोघरी सुंठ, मिरे, पिंपळी व दालचिनीचे काढे दिवसातून तीन-तीन वेळा प्याले गेले. कित्येकांच्या जठराची आग होऊ लागली. ते पिणारे चरकाचे नाव घेऊन चरकाचीच आज्ञा मोडत होते. त्यांत आम्हीही होतो, हे कबूल करतो.

त्याच काळात गुळवेलीचा रस घरोघरी पोहोचला. २०२१ साली मुंबईच्या काही डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या रुग्णांत यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला. गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी, असे त्याचे म्हणणे होते. हा वाद तज्ज्ञांनी सोडवावा. आम्हाला इतकेच दिसते, की मंत्रालयाचा आक्षेप खरा मानला तरी कुंपणावरची कोणती वेल कोणती हे घेणाऱ्याला कळत नव्हते, हे सिद्धच होते. वैद्य लागतो तो याचसाठी. आणि गुळवेल ही आपल्या मिसळणाच्या डब्यात कधीच नव्हती. तिची जागा पूर्वीपासून वैद्याच्या घरी होती.

ही दोन घरे वेगळी ठेवण्याची जाण आपल्याच बृहन्महाराष्ट्रात होती, याचा पुरावा तंजावरात आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील भोसल्यांच्या आश्रयाला असलेल्या रघुनाथ गणेश नवहस्त यांनी ‘भोजनकुतूहल’ हा ग्रंथ लिहिला. त्यात धान्ये, भाज्या, दूधदुभते यांच्या गुणदोषांचा विचार आहे. पण तो भोजनाचा ग्रंथ म्हणून आहे. पुढे १७९८ ते १८३२ या काळात राज्य केलेल्या दुसऱ्या सरफोजी राजांच्या नावाने ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ हा पाकक्रियांचा मराठी ग्रंथ सिद्ध झाला. त्याच राजांनी औषधांसाठी मात्र ‘धन्वंतरी महाल’ निराळा उभारला आणि तेथे देशी व पाश्चात्त्य अशा दोन्ही पद्धतींच्या वैद्यांना काम दिले. पाकशाळा आणि धन्वंतरी महाल यांच्यामध्ये त्यांनी भिंत ठेवली. दोन्हींवर तितकेच प्रेम असणाऱ्या माणसाने ती ठेवली, हे विशेष.

आता ‘आजीबाईचा बटवा’ या शब्दाकडे वळू. हा शब्द उच्चारला की आपले डोळे पाणावतात आणि विक्रेत्याचे काम अर्धे होते. आमच्या आजीचाही बटवा होता. त्यात सुंठ, वेखंड, हिरडा, जायफळ, मुरुडशेंग, सारे काही होते. सहाणेवर किती वळसे उगाळायचे हे तिला नेमके ठाऊक होते. याच आजीला नऊ अपत्ये झाली आणि पाच जगली. बटवा तोच, हात तोच. गेलेल्या चौघांची नावे ती पितृपक्षात घेई तेव्हा तिचा आवाज बदलत असे. तिला बटव्याची हद्द कळत होती; ताप तिसऱ्या दिवशी उतरला नाही तर ती बैलगाडी जुंपायला सांगे. पुढे गावात दवाखाना आला तेव्हा सर्वांत आधी नातवंडांना लस टोचून आणणारी तीच होती. आजीचा आदर करायचा तर तिच्या बटव्याबरोबर तिचे हे शहाणपणही घ्यायला हवे.

येथवर आम्ही शास्त्राच्या आणि इतिहासाच्या गोष्टी सांगितल्या. आता घरची सांगतो. आमचे थोरले बंधू पंधरा वर्षे मधुमेहाच्या गोळ्या घेत होते आणि प्रकृती आटोक्यात होती. २०२२ साली अशाच एका मेळ्यातून आम्ही त्यांच्यासाठी चूर्णाचे दोन डबे आणले. मेथी, जांभळाची बी, कारले, गुडमार. सारी ओळखीची नावे. ‘घरातलीच तर द्रव्ये आहेत, अपाय काय व्हायचा,’ असे आम्हीच त्यांना म्हणालो. अण्णांना चूर्ण मानवले. हुरूप आला तसे त्यांनी कोणालाही न सांगता गोळ्या बंद केल्या. चौथ्या महिन्यात चप्पल लागून पायाच्या बोटाला जखम झाली. मधुमेहाने पायाची संवेदना आधीच मंद झालेली, त्यामुळे दुखले नाही. दुखले नाही म्हणून पाहिले नाही. डॉक्टरांकडे नेले तेव्हा साखर चारशेच्या वर होती. दोन बोटे काढावी लागली. रुग्णालयाच्या व्हरांड्यात वहिनींनी आम्हाला एवढेच विचारले, “भावोजी, जन्मभर तुम्ही लोकांच्या डब्यांवरचं वाचत होतात; या डब्यावर काय लिहिलं होतं ते वाचलं होतंत का?”

घरी येऊन वाचले. पाठीमागे, चष्मा लावूनही कष्टाने दिसेल अशा अक्षरांत लिहिले होते, की हे उत्पादन औषधी उपयोगासाठी नाही.

या एका ओळीत सगळा व्यवहार उघडा पडतो. औषध म्हणून विकायचे तर १९४० च्या औषध कायद्याखाली परवाना व चाचण्या आल्या. आणि मधुमेह बरा करण्याची जाहिरात करायला तर १९५४ च्या चमत्कारी उपायांविषयीच्या कायद्याने सरळ बंदी आहे. म्हणून डब्यावर ते अन्न असते. अन्न म्हणून विकायचे तर मूठभर मेथीचे चारशे रुपये कोण देणार? म्हणून व्याख्यात्याच्या तोंडी ते औषध असते. कायद्यापुढे अन्न, गिऱ्हाइकापुढे औषध! २०२२ साली ‘आयुर्वेद आहार’ या नावाने स्वतंत्र नियम झाले, वेष्टनांवर काय छापावे हे ठरले. पण नियम वेष्टनापर्यंत पोहोचतो. सभागृहातल्या ध्वनिवर्धकापर्यंत पोहोचत नाही. तेथे आपणच पोहोचायला हवे.

हळदीचा विषय निघाला की आपण सारे अभिमानाने एक गोष्ट सांगतो. १९९५ साली अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या संशोधकांनी जखमेवर हळद वापरण्याचे एकस्व मिळविले. गोव्यातील माशेल या गावी जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते. परिषदेने जुने ग्रंथ आणि १९५३ सालचा एक भारतीय वैद्यकीय लेख पुढे ठेवून त्याला आव्हान दिले, आणि १९९७ साली ते एकस्व रद्द झाले. हा लढा हळद ही कोणाची खासगी मालमत्ता नाही, हे सांगण्यासाठी होता. आणि तो जिंकला गेला तो भावनेवर नव्हे, तर लिखित व तपासता येण्याजोग्या पुराव्यावर. त्याच विजयाचे नाव घेऊन आज आपलेच लोक पुराव्याविना, दामदुपटीने, हळद आपल्यालाच विकत आहेत.

जिला आपण औषध मानून पोटात घालतो ती हळद तरी शुद्ध आहे काय, हा प्रश्न मात्र व्याख्यानात कोणी विचारत नाही. आम्ही नोकरीत असताना हळदीचे नमुने घेतले आहेत. हळकुंडे उजळ पिवळी दिसावीत म्हणून त्यांना शिशाचे क्रोमेट चोळण्याची वाईट रीत या उपखंडात आहे. बांगलादेशात २०१९ साली संशोधकांनी ती उघडकीस आणली आणि तेथील शासनाने बाजारावर कारवाई केल्यावर दोन वर्षांत चित्र पालटले. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आपल्या पाटण्याच्या काही नमुन्यांत ग्रॅममागे १००० मायक्रोग्रॅमहून अधिक शिसे आढळले. आपल्याकडील कायदेशीर मर्यादा १० आहे. शिसे मुलांच्या मेंदूला कायमची इजा करते. तेव्हा हळदीच्या दुधाचे गुण गाण्याआधी हळकुंड हातावर चोळून पाहावे, डोळ्यांत भरणारा पिवळेपणा टाळावा आणि ओळखीच्या, परवाना असलेल्या दुकानातून पावतीसह घ्यावे. स्वयंपाकघराने आरोग्य राखायचे ते असे, डोळे उघडे ठेवून.

यावर एक आक्षेप उरतो आणि तो आम्ही हलका मानत नाही. डॉक्टर महाग आहेत, तपासण्या महाग आहेत, मुले परगावी किंवा परदेशी आहेत, दोन वृद्ध जीव घरात एकटे आहेत. त्यांना एखाद्या डब्याने धीर येत असेल तर तुमचे काय बिघडले? बिघडले ते असे, की तो धीर फसवा आहे आणि महागही आहे. अण्णांच्या महिन्याच्या गोळ्या त्या डब्याच्या निम्म्या किमतीत येत होत्या. वृद्धांना धीर हवा असेल तर तो आपल्या मंडळांनी द्यावा. ज्या सभागृहात डबे विकले जातात तेथेच महिन्यातून एकदा रक्तदाब आणि साखर तपासता येते. समाजात निवृत्त डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत, नोंदणीकृत वैद्यही आहेत, त्यांना बोलवावे. त्यांच्या दाराशी मेज नसेल एवढीच अट असावी.

आमच्या मागण्या थोड्या आहेत. मराठी मंडळांनी उत्सवातील व्यासपीठ कोणत्याही रोगहारक वस्तूच्या विक्रेत्याला, कितीही देणगी मिळाली तरी, देऊ नये. प्रत्येक घराने आपण जे काही काढे, चूर्णे, कुप्या घेतो ते आपल्या डॉक्टरांना लाज न बाळगता सांगावे. आणि लिहून दिलेली गोळी त्यांना विचारल्यावाचून बंद करू नये. तिसरी मागणी आमच्या पिढीकडे आहे. घरातले खरे पाकज्ञान वहीत उतरवून ठेवा. गोड्या मसाल्यात दगडफूल किती, मेतकुटात सुंठ किती, डिंक कोणत्या महिन्यात, पन्ह्याला गूळ किती. हे प्रमाणासह लिहा. ते कोणत्या रोगावर चालते हे लिहू नका. ज्यांना मेतकूट करता येत नाही त्यांनाच ते कुपीत विकता येते.

अण्णा आता काठी घेऊन चालतात, गोळ्या वेळेवर घेतात. परवा त्यांच्याकडे जेवायला होतो. वहिनींनी मेथीची पातळ भाजी केली होती, वर लसणाची फोडणी. अण्णांनी दोनदा मागून घेतली आणि आम्ही तिसऱ्यांदा. ती कशावर गुणकारी आहे, हे कोणीही बोलले नाही.